गळती कोठून होते? : एका जुन्या बुलेटच्या गियरबॉक्सविषयी



या वर्षीच्या स्मृतिपुस्तिकेसाठी विषय कोणता, असे संस्थेच्या चिटणीसांनी विचारले, तेव्हा मी 'जुन्या मोटरसायकलच्या गियरबॉक्सची गळती' असे कळविले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, हे रूपक आहे काय?" मी म्हणालो, नाही. तेल गळते, तेच सांगायचे आहे. उभे आयुष्य मराठीच्या अध्यापनात घालविलेल्या माणसाकडून संतवाङ्मयाची किंवा नाट्यपरंपरेची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला हस्तव्यवसाय शिकवीत असत. रंधा हातात घेण्यापूर्वी ते फळीचे रेषे कोणत्या दिशेला आहेत हे बोटाने पाहायला लावीत, आणि ज्याने न पाहता रंधा फिरविला त्याला त्या दिवशी फक्त भुसा झाडण्याचे काम मिळे. आधी पाहा, मग हत्यार उचला, ही त्यांची शिस्त. तिचा खरा उपयोग मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी झाला, म्हणून ही हकीकत त्यांच्या स्मृतीसमोर मांडणे मला उचित वाटले.

गाडी माझे थोरले बंधू अण्णा यांची. १९७१ सालची एन्फिल्ड बुलेट, साडेतीनशे सी.सी.ची. १९८६च्या जुलैमध्ये आंबोली घाट उतरताना एका डाव्या वळणावर तिचे मागचे चाक घसरले आणि अण्णांचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्यानंतर गाडी बेळगावच्या घराच्या मागील पडवीत उभी राहिली ती २०२२ पर्यंत. घरात तिला कोणी नाव घेऊन शिवी दिली नाही, पण 'अवलक्षणी' हा शब्द आईच्या तोंडून मी दोन-तीनदा ऐकला होता. अण्णांनी मात्र दोष नेहमी स्वतःकडेच घेतला. "मीच ब्रेक जोरात दाबला," एवढेच ते म्हणत.

ही गाडी आपल्याकडे कशी आली, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तिची गळती तिच्या कुळाशी जोडलेली आहे. बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीची. पन्नासच्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीवरील गस्तीसाठी साडेतीनशे सी.सी.च्या आठशे बुलेट मागविल्या आणि १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. प्रथम सुटे भाग विलायतेहून येत व येथे जोडले जात; पुढे साचे व यंत्रसामग्री आली आणि सगळेच भाग येथे होऊ लागले. इंग्लंडातील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० साली थांबले. मद्रासची बुलेट मात्र मूळ आराखड्यात फारसा बदल न होता पुढे कित्येक दशके निघत राहिली. त्यामुळे १९७१ सालची आपली गाडी उघडली की आत दिसते ते युद्धोत्तर इंग्लंडचे यंत्रज्ञान. गियरबॉक्सची रचना आल्बियन या इंग्रजी कारखान्याच्या धर्तीची: चार गियर, गियरचा दांडा उजव्या पायाशी, पहिला गियर वर उचलून आणि बाकीचे तीन खाली दाबून. मागील ब्रेक डाव्या पायाशी. शिवाय एक लहानसा जादा दांडा असतो. तो टाचेने दाबला की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमधून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. आजच्या मुलांना ही उलटापालट विचित्र वाटते. अण्णांना आजही डाव्या पायाने गियर टाकणे हा विनोद वाटतो.

या गाड्यांविषयी एक जुनी थट्टा आहे. बुलेट गळायची थांबली तर तेल संपले असे समजावे! थट्टा गमतीची असली तरी तिने मोठे नुकसान केले आहे. गळती हा गाडीचा स्वभाव आहे असे एकदा मानले की तिचे कारण शोधण्याची गरज उरत नाही. मला हे मुळीच मान्य नाही. या यंत्रातील काही सांधे आरंभापासूनच कच्चे होते हे खरे. तथापि प्रत्येक थेंब कोठून तरी निघालेला असतो आणि ती जागा सापडू शकते.

ती शोधताना मला भाषेचाच आधार झाला.  मराठीत गळणे, ठिबकणे, झिरपणे, पाझरणे, ओघळणे अशी कितीतरी क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मातीचा माठ झिरपतो, नळ ठिबकतो, डोंगर पाझरतो, छप्पर गळते. मी ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली ते आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांनी पहिला प्रश्न हाच केला: "सर, उभी असताना ठिबकते की चालवून आणल्यावर ओघळते? की नुसतीच ओली दिसते?" प्रश्न व्याकरणाचा नव्हता, निदानाचा होता. उभ्या गाडीतून सावकाश ठिबकणारे तेल बहुधा तेलाच्या पातळीखालच्या सांध्यातून येते: तळाचा बूच, त्याचे वॉशर, झाकणाचा खालचा भाग. चालवून आणल्यावर ओघळणारे तेल फिरत्या दांड्याच्या सीलमधून किंवा आतील वाढलेल्या दाबाने बाहेर पडलेले असते. आणि नुसता ओलसरपणा असेल तर तो धातूतील सूक्ष्म छिद्रांतून किंवा पॅकिंगच्या कागदातून झिरपलेला असण्याचा संभव अधिक. आमच्या गाडीचे इंजिन दुरुस्त होऊन ती चालू लागली तेव्हा पहिल्या वीस किलोमीटरांनंतर मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला तेलाचा पट्टा दिसला. म्हणजे ते ओघळत होते, आणि फेकलेही जात होते.

आता खोक्याची रचना. जुन्या बुलेटमध्ये इंजिन आणि गियरबॉक्स ही दोन वेगळी खोकी आहेत. एकाच कवचात दोन्ही बसविण्याची रचना या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आली. इंजिनाची शक्ती डाव्या बाजूच्या एका साखळीने क्लचकडे येते. ही साखळी एका बंद डब्यात तेलात फिरते. तिला प्रायमरी चेनकेस म्हणतात. क्लच ज्या दांड्यावर बसतो तो मेन शाफ्ट. हा दांडा गियरबॉक्समध्ये शिरतो तो थेट नव्हे, एका पोकळ दातेरी नळीच्या आतून शिरतो. ही नळी, म्हणजे स्लीव्ह गियर, मोठ्या बेअरिंगवर फिरते आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकावर मागील साखळीचे पुढचे स्प्रॉकेट बसते. खाली समांतर दुसरा दांडा, ले शाफ्ट. पहिल्या तीन गियरांत शक्ती मेन शाफ्टवरून ले शाफ्टवर उतरते आणि तेथून स्लीव्ह गियरवर परत चढते. चौथ्या गियरमध्ये मेन शाफ्ट आणि नळी एकमेकांत अडकून एकजीव फिरतात. शक्ती ज्या बाजूने आत येते त्याच बाजूने बाहेर जाते, हे या रचनेचे वैशिष्ट्य, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच तिची अडचण. कारण स्प्रॉकेट क्लचच्या मागे, चेनकेसच्या पाठीमागच्या पत्र्याच्याही मागे, दडलेले असते. ज्या सीलवर संशय आहे तेथे पोहोचण्यासाठी अर्धी गाडी उतरवावी लागते.

आणि त्या एकाच अरुंद जागेत किमान पाच ठिकाणांहून तेल येऊ शकते. स्प्रॉकेटमागील सील फाटले असेल तर गियरबॉक्सचे तेल. मेन शाफ्ट आणि नळी यांच्यामधील काशाचे बुश झिजले असेल तर त्या फटीतून येणारे तेल. चेनकेसच्या मागील बाजूच्या भोकाचे सील गेले असेल तर चेनकेसचे तेल. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारे तेलाचे धुके. आणि शेवटी, साखळीला मालकाने मोठ्या प्रेमाने घातलेले तेल! पाचही एकत्र मिसळून, धूळ खाऊन, काळ्या चिखलासारखी होतात. या चिखलाकडे पाहून 'सील गेले' असे म्हणणे म्हणजे रोग्याचा चेहरा पाहून औषध देणे होय.

मिस्त्रींनी काय केले ते मी क्रमाने सांगतो. प्रथम रॉकेल आणि जुन्या दात-ब्रशने तो सगळा भाग धुऊन कोरडा केला. मग मला म्हणाले, "सर, घरी खडू आहे का?" मास्तराच्या घरी खडू नसणार! खडू कुटून त्याची बारीक पूड कोरड्या धातूवर झटकली आणि मला पाच किलोमीटर गाडी चालवून आणायला सांगितले. परत आलो तेव्हा पांढऱ्या पुडीवर तेलाने आपली वाट स्वतःच आखली होती. चेनकेसच्या पाठीमागे, स्प्रॉकेटच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने एक ओली रेघ. चेनकेसचा सांधा कोरडा, श्वासनळीचे टोक कोरडे. पुढे त्यांनी ते तेल चिमटीत घेऊन हुंगले. गियर ऑइलमध्ये दातांवरील प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधकाची संयुगे मिसळलेली असतात. त्यांचा वास एकदा ओळखला की विसरता येत नाही. चेनकेसच्या तेलाला तो वास नसतो, आणि क्लचच्या अस्तराच्या भुकटीने ते लवकर काळे पडते. हे तेल सोनेरी होते आणि त्याला गंधकाचा वास होता. गियरबॉक्सचेच तेल, यात शंका उरली नाही.

आणखी एक कसोटी येथे नोंदवितो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. क्लच दाबण्याची सळई मेन शाफ्टच्या पोटातून, उजवीकडून डावीकडे जाते. या सळईच्या अंगाने गियरबॉक्सचे तेल गुपचूप चेनकेसमध्ये जाऊ शकते. तेव्हा जमिनीवर एकही थेंब दिसत नाही. एका खोक्याची पातळी घटते, दुसऱ्याची वाढते आणि क्लच घसरू लागतो. म्हणून गळती दिसो वा न दिसो, दोन्ही पातळ्या एकाच दिवशी तपासून लिहून ठेवाव्यात.

खोलण्याच्या कामाचे सविस्तर वर्णन मी करीत नाही. त्यासाठी कंपनीची पुस्तिका आहे आणि ती वाचल्याशिवाय कोणी पाना उचलू नये. पण काही जागा अशा आहेत की तेथे घाई करणारे हात कायमचे नुकसान करतात. चेनकेसचे बाहेरील झाकण मध्यभागी एकाच मोठ्या नटाने धरलेले असते. ते गळते म्हणून लोक तो नट आणखी आवळतात. त्याने झाकणाचा मध्य आत ओढला जातो आणि कडा उलट उचलल्या जातात. जितके आवळावे तितके गळते. क्लच निघत नाही म्हणून मेन शाफ्टच्या टोकावर हातोडी मारणे हे दुसरे पाप. त्यासाठी ओढणी नावाचे हत्यार असते, नसेल तर लेथवर करून घ्यावे. स्प्रॉकेटच्या नटाला हात लावण्यापूर्वी तो कशाने कुलूपबंद केला आहे ते पाहावे, आणि आटे सुलटे आहेत की उलटे, हे उजेडात नीट न्याहाळावे. मिस्त्रींनी तेथे टॉर्च धरून मला आटे दाखविले आणि मगच पान्याला हात घातला. मला गुरुजींची फळी आठवली.

स्प्रॉकेट निघाले, सील उघडे पडले आणि मिस्त्री काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सर, हे उलटे बसवले आहे."

सील म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय या वाक्याचे गांभीर्य कळणार नाही. लोखंडी कड्यात बसविलेली रबराची एक चकती; तिच्या आतल्या कडेला पातळ ओठ असतो आणि त्या ओठाला दांड्यावर अलगद दाबून धरणारी वर्तुळाकार तारेची स्प्रिंग असते. हा ओठ धातूला कोरडा घासत नाही. त्याच्याखाली तेलाचा अतिशय पातळ थर असतो, इतका पातळ की तो बाहेर वाहत नाही, पण रबराला जळू देत नाही. ओठाची उघडी, स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे असावी लागते. म्हणजे आतील दाब जितका वाढेल तितका ओठ दांड्याला अधिक चिकटतो. उलटे बसविले तर तोच दाब ओठ उचलतो आणि तेलाला वाट करून देतो. थंड, उभ्या गाडीत असे सील काही दिवस धरूनही ठेवते. म्हणून बसविणाऱ्याला आपली चूक लगेच कळत नाही. खरी परीक्षा गाडी तापल्यावर होते.

हे सील कोणी बसविले? १९८६च्या जूनमध्ये, घाटातील अपघाताच्या काही आठवडे आधी, अण्णांनी गळतीसाठीच गाडी एका गॅरेजात दिली होती. त्याची चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत सापडली. 'सील बदलले' असे तिच्यावर स्पष्ट लिहिले आहे. ते गॅरेज आज नाही आणि त्याचे नाव घेण्याने काही साधणार नाही. झाकणाच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून ते उचकटल्याच्या तीन खोल खुणाही तेथे होत्या. आम्ही मागील ड्रम उघडला. बुलेटचे मागचे स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम हे डाव्या अंगाला एकत्रच असतात. ब्रेकच्या अस्तरात तेल मुरून काळे, काचेसारखे झाले होते. छत्तीस वर्षांनंतर अपघाताचे कारण न्यायालयात सिद्ध करता येईल असे मी म्हणणार नाही. पण टायरच्या डाव्या कडेवर तेल, पावसाने ओला रस्ता, आणि डावीकडे कललेली गाडी. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर अण्णांच्या पायाच्या दाबाला किती दोष द्यावा, हे मला कळते.

सील उलटे होते म्हणून नवे सुलटे बसविले आणि काम संपले, असे मात्र नाही. १९८६ पूर्वीचे सील तरी का गेले होते? हा प्रश्न मिस्त्रींनी स्वतःलाच विचारला, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर तेथे दुणावला. कारण सील ही शेवटी सर्वांत नाजूक आणि सर्वांत स्वस्त वस्तू. तिचा बळी दुसऱ्याच कशासाठी तरी जात असतो. येथे तीन कारणे निघाली.

पहिले, मागील साखळी. ती वर्षानुवर्षे फार ताठ ठेवलेली होती. ताठ साखळी स्प्रॉकेटला सतत मागे ओढते, बेअरिंगमध्ये खेळ निर्माण होतो आणि नळी मध्यावरून ढळून फिरू लागते. ओठ एका बाजूने दबतो, दुसऱ्या बाजूने सुटतो. साखळीची झीज सगळीकडे सारखी नसते. म्हणून चाक हळूहळू फिरवून ती जेथे सर्वांत ताठ होईल त्या जागी तिचा सैलपणा मोजावा लागतो. एकाच जागी बोट लावून समाधान मानणारे पुष्कळ. आम्ही बेअरिंग बदलले आणि नळीतील बुशही नवे करून घेतले.

दुसरे, ओठ ज्या पोलादी पृष्ठावर टेकतो तेथे पडलेली खाच. मऊ रबर कठीण पोलाद कसे झिजवील, असा प्रश्न पडतो. रबर झिजवीत नाही. रबरात अडकलेली धूळ झिजविते. खाच बोटाच्या नखाला लागत नसेल तर बारीक पॉलिश कागदाने भागते. नखाला लागत असेल तर नवे सील घालूनही उपयोग नाही. आमच्या खाचेत नख चक्क अडकत होते. बेळगावला या बाबतीत काही कमी नाही. उद्यमबागेत तो भाग घासून, त्यावर कठीण क्रोमचा थर चढवून पुन्हा मूळ मापाला ग्राइंड करून मिळाला. नवा भाग आणता आला असता. पण मला शक्य तेवढी गाडी मूळचीच ठेवायची होती. २०२१ साली केंद्र शासनाने मोटर वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बाह्यकवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याची तरतूद केली आहे. गियरबॉक्समधील एक लहानसा भाग बदलल्याने ती हुकली नसती, हे मला ठाऊक आहे. तो माझा हट्ट होता असे समजा.

तिसरे कारण मला सर्वांत उद्बोधक वाटले: तेल जास्त भरलेले होते. गळते म्हणून जास्त भरायचे, हा साधा मनुष्यस्वभाव. त्याचा परिणाम गणिताने पाहू. खोके पूर्ण बंद आहे आणि तीस अंशांवरून ऐंशी अंशांपर्यंत तापले असे धरा. आतील हवा केवळ तापण्याने सुमारे सतरा टक्के अधिक दाब देते. त्याच वेळी तेलही प्रसरण पावते, साधारण साडेतीन टक्के. खोके निम्मे भरलेले असेल तर हवेला जागा पुष्कळ असते आणि एकूण दाब सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. पण खोके नव्वद टक्के भरले असेल, तर उरलेल्या दहा टक्के जागेतून तेल तीन टक्के जागा बळकावते आणि दाब सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढतो. प्रत्यक्षात कोणतेही खोके इतके बंद नसते, हवा कोठून तरी निसटते. पण हवेच्या आधी जेथून तेल निसटेल अशी एखादी जागा असली की संपले. ज्या खोक्याला श्वासछिद्र असते त्याचे ते छिद्र चिखलाने बुजले तरी हेच घडते. म्हणजे आमची गाडी गळत होती म्हणून जास्त भरली जात होती, आणि जास्त भरली जात होती म्हणून अधिक गळत होती.

येथे ग्रीसविषयी एक शब्द. गळणाऱ्या जुन्या बुलेटच्या गियरबॉक्समध्ये चाकाच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस ठासून भरण्याची चाल आपल्याकडे होती. अजूनही क्वचित आढळते. गळती थांबते, हे खरे. परंतु दात त्या ग्रीसमध्ये आपल्यापुरती पोकळी कोरतात आणि मग त्या पोकळीत कोरडेच फिरतात. घट्ट ग्रीस आपणहून परत वाहून येत नाही. या प्रकारच्या खोक्यांसाठी अर्धप्रवाही, शून्य-शून्य प्रतीचे ग्रीस मिळते, ते निराळे. ते सावकाश का होईना वाहते. आणि गियर ऑइल घ्यायचे तर तीव्र गंधकयुक्त, जीएल-५ प्रतीचे घेऊ नये. त्यातील द्रव्ये काशाच्या बुशला उष्णतेत खातात. जीएल-४ प्रत त्या मानाने सौम्य. दुकानदार 'जितका आकडा मोठा तितके तेल चांगले' असे सांगतो, तेथे फसू नये.

जोडणीच्या वेळी उचकटलेला सांधा सपाट करणे हे सर्वांत वेळखाऊ काम ठरले. जाड काचेवर बारीक पॉलिश कागद पसरून, त्यावर रॉकेलचे थेंब टाकून, झाकण इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवीत राहायचे. दोन संध्याकाळी हे काम मी केले. थोड्या वेळाने धातूवर चकाकी येते. जेथे चकाकत नाही तेथे खड्डा आहे. पूर्ण चकाकेपर्यंत थांबण्याचा मोह आवरावा लागतो, कारण फार घासले तर माप जाते. खड्ड्याचा तळ तेवढा राहू द्यावा, तो पॅकिंग भरून काढते. पॅकिंगही घरीच केले. जाड कागद सांध्यावर ठेवून गोल डोक्याच्या लहान हातोडीने कडेकडेने हलके ठोकत गेले की धातूची कडाच कागद कापते. चिकटद्रव्य अगदी पातळ लावावे. हल्लीचे सिलिकॉन ट्यूबमधून वळीव शेवेसारखे घालणारे मी पाहिले आहेत. बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही पिळले जाते आणि तुटून तेलात फिरते.

तळाच्या बुचाचे तांब्याचे वॉशर नवे मिळाले नाही. मिस्त्रींनी जुनेच लालबुंद तापवून पाण्यात टाकले. पोलाद असे केल्याने कठीण होते, तांबे मऊ होते. मऊ झाले की पुन्हा सांधा धरते.

नवे सील बसविताना ओठाला तेल लावले आणि नळीवरील खाचांच्या धारदार कडांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळली. नाहीतर ओठ बसवितानाच चिरतो आणि नवे सील जन्मतःच फाटके ठरते. सीलच्या व्यासाचा नळीचा तुकडा घेऊन, चारी बाजूंनी सारखे ठोकत ते सरळ आत नेले. त्याआधी मिस्त्रींनी ते माझ्यासमोर धरले. "सर, तुम्हीच सांगा, कोणती बाजू आत?" मी स्प्रिंगच्या बाजूवर बोट ठेवले. तेव्हा कोठे ते आत गेले.

जुने सील मी अण्णांकडे नेले. त्यांचे वय तेव्हा एकोणऐंशी. दिवाणखान्यातील टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सील ठेवले, शेजारी नव्या सीलचा नमुना ठेवला आणि ओठ, स्प्रिंग, दाब सगळे समजावून सांगितले. जूनची ती चिठ्ठीही दाखविली. त्यांनी चष्मा काढून सील डोळ्यांजवळ नेले, बोटाने ओठ दाबून पाहिला. रबर वाळून लाकडासारखे झाले होते. "उलटे होय?" एवढेच म्हणाले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "आता गळते का?"

गाडीखाली तेव्हापासून रोज वर्तमानपत्र अंथरलेले असते. पहिल्या वीस, मग शंभर, मग पाचशे किलोमीटरांनंतर स्प्रॉकेटमागे खडूची पूड टाकून पाहिली. ती कोरडीच राहिली. गेल्या महिन्यात मात्र कागदाच्या उजव्या बाजूला एक ठिपका दिसू लागला आहे. तो किकच्या दांड्याजवळचा आहे. त्याचे सील आणून ठेवले आहे, आणि कोणती बाजू आत जाते ते अण्णांनी पाकिटावर पेन्सिलीने लिहून दिले आहे.